नळीतला स्पंदित प्रवाह आणि मास ट्रान्सफर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केमिकल इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, डायलिसिस विभागातले तंत्रज्ञ, मेंब्रेन प्लँट चालवणारे आणि प्रोजेक्टसाठी सीएफडी (संगणकावर प्रवाहाची गणना) करणारे यांच्याकडून फिरून फिरून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. दोन उत्तरं एकमेकांत शिरतात तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

आकडेमोडीसाठी सगळीकडे एकच नळी धरली आहे, तिला 'नमुना नळी' म्हणू. आतला व्यास १० मि.मी., लांबी १ मीटर, पाण्याचा सरासरी वेग सेकंदाला १० सें.मी. भिंतीवरून विरघळणाऱ्या पदार्थाचा विसरण गुणांक (तो आपोआप किती झपाट्याने पसरतो याचं माप) एक अब्जांश चौ.मी. प्रति सेकंद, म्हणजे पाण्यातल्या छोट्या रेणूंचा साधारण असतो तेवढा. रेनॉल्ड्स संख्या (द्रवाच्या जडत्वाचं त्याच्या चिकटपणाशी गुणोत्तर) १,००० येते, म्हणजे प्रवाह लॅमिनार, थराथराने शांत वाहणारा.

१. स्पंदित प्रवाह आणि दोलायमान प्रवाह एकच का?

नाही. स्पंदित प्रवाहात एक स्थिर सरासरी प्रवाह असतो आणि त्याच्यावर ठरावीक वारंवारितेचा चढउतार स्वार झालेला असतो. हृदय, पिस्टन पंप, रोलर पंप हे सगळे याच जातीचे. दोलायमान प्रवाहात सरासरी शून्य असते. द्रव नुसता पुढेमागे होतो, निव्वळ कुठेच जात नाही. चढउतार सरासरीच्या किती टक्के आहे याला या पानावर 'आयाम' म्हटलं आहे. आयाम १०० टक्क्यांच्या वर गेला की आवर्तनाच्या काही भागात प्रवाह चक्क उलटा वाहतो.

२. 'नळीतलं मास ट्रान्सफर' म्हणजे पदार्थ कुठून कुठे जातो?

दोन वेगळ्या गोष्टींना हे एकच नाव दिलं जातं आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. पहिली गोष्ट भिंत आणि द्रव यांच्यातली देवाणघेवाण: भिंतीवरचा थर विरघळणं, मेंब्रेनमधून युरिया बाहेर जाणं, लोखंडाचं गंजणं. दुसरी गोष्ट नळीच्या लांबीच्या दिशेने पदार्थ पसरणं. स्पंदनाचा या दोन्हींवरचा परिणाम अगदी निराळा आहे. प्रश्न ३ ते ११ पहिल्या प्रकाराबद्दल आहेत, १२ आणि १३ दुसऱ्याबद्दल.

३. पल्सेशन (स्पंदन) दिलं की मास ट्रान्सफर वाढतंच ना?

सरळ, गुळगुळीत नळी आणि लॅमिनार प्रवाह असेल तर बहुधा नाही. हळू स्पंदनात तर ते थोडं घटतं. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि या उत्तरावर विश्वास बसायलाही सगळ्यात जास्त वेळ लागतो.

कारण घनमुळात आहे. लेव्हेक यांनी १९२८ मध्ये दाखवलं की भिंतीजवळचा सांद्रतेचा थर (जिथे विरघळलेल्या पदार्थाचं प्रमाण बदलत जातं तो) पातळ असताना मास ट्रान्सफर भिंतीवरच्या शिअरच्या, म्हणजे भिंतीलगत वेग किती झपाट्याने बदलतो त्याच्या, घनमुळाच्या प्रमाणात चालतं. आता शिअर आवर्तनाचा अर्धा वेळ दीडपट आणि अर्धा वेळ निम्मा आहे असं धरा. दीडपटीचं घनमूळ १.१४५, निम्म्याचं ०.७९४. म्हणजे चढाला साडेचौदा टक्के मिळाले, उताराला साडेवीस टक्के गेले. सरासरी ०.९७, म्हणजे तीन टक्के तोटा.

सौम्य साइन लहरीत तोटा कमी असतो. आयाम ५० टक्के असेल तर जेमतेम दीड टक्का, १०० टक्के असेल तर सुमारे १०. 'अर्धा वेळ दुप्पट, अर्धा वेळ बंद' अशी चौकोनी लहर दिली तर कागदावरचा तोटा ३७ टक्क्यांपर्यंत जातो. तेव्हा लहरीचा आकार कोणता, हा प्रश्न निघाला तर उत्तर असं: हळू स्पंदनात लहर जितका जास्त वेळ दोन्ही टोकांना काढते तितकं नुकसान जास्त.

हे सगळं स्पंदन हळू असताना लागू पडतं. किती हळू, ते प्रश्न ५ मध्ये.

४. वोमर्सली संख्या नेमकं काय सांगते?

नळीची त्रिज्या आणि एका आवर्तनात श्यानतेचा (द्रवाच्या चिकटपणाचा) प्रभाव जिथवर पोहोचतो ते अंतर, यांचं ते गुणोत्तर आहे. वोमर्सली यांनी १९५५ मध्ये धमन्यांतल्या प्रवाहासाठी ते वापरलं. काढायचं असं: कोनीय वारंवारितेला गतिज श्यानतेने भागा, वर्गमूळ घ्या, त्रिज्येने गुणा.

संख्या १ हून कमी असेल तर वेगाचा आलेख प्रत्येक क्षणी नेहमीचा पॅराबोलाच राहतो, फक्त फुगतो आणि आकसतो. १० च्या वर गेली की मधला गाभा सपाट होऊन एकसंध हलतो आणि सगळी ओढाताण भिंतीलगतच्या पातळ थरात होते. अशा वेळी चढउताराचा सर्वाधिक वेग नळीच्या मध्यावर नसतो, भिंतीजवळच्या कड्यात असतो. रिचर्डसन आणि टायलर यांनी १९२९ मध्ये हे मोजून दाखवलं होतं.

नमुना नळीत १ हर्ट्झला ही संख्या १२.५ येते. महाधमनीत ती १५ ते २० च्या घरात असते, सूक्ष्म धमन्यांत १ हून बरीच कमी.

५. मग वोमर्सली संख्या मोठी असली की फायदा होतो का?

ही संख्या वेगाबद्दल बोलते, सांद्रतेबद्दल नाही. द्रवांमध्ये या दोघांत फार मोठी दरी असते.

नमुना नळी घ्या. स्थिर प्रवाहात लेव्हेकच्या सूत्राने सरासरी शेरवुड संख्या (मास ट्रान्सफर किती जोमाने होतं याचं माप) सुमारे ३५ येते. व्यासाला तिने भागलं की सांद्रतेच्या थराची जाडी मिळते: सुमारे ०.२९ मि.मी. हा थर बदलाला प्रतिसाद द्यायला किती वेळ घेईल? जाडीचा वर्ग भागिले विसरण गुणांक, म्हणजे ८० सेकंदांच्या आसपास. आणि आपण त्याला सेकंदाला एक धक्का देतोय! थराला त्याचा पत्ताच लागत नाही, तो सरासरी प्रवाह पाहून बसून राहतो. १ हर्ट्झची चाहूल सांद्रतेला भिंतीपासून फक्त १८ मायक्रॉनपर्यंत लागते, वेगाला मात्र अर्ध्या मि.मी.हून अधिक. हा फरक श्मिट संख्येच्या (गतिज श्यानता भागिले विसरण गुणांक) वर्गमुळाएवढ्या पटीचा असतो. इथे श्मिट संख्या १,००० आहे, म्हणून साधारण ३२ पट.

यातून निघतं ते असं. आवर्तन थराच्या प्रतिसादाच्या वेळेहून कितीतरी मोठं असेल (नमुना नळीत कित्येक मिनिटं), तर प्रश्न ३ मधलं घनमूळ लागू होतं आणि थोडा तोटा होतो. आवर्तन खूप छोटं असेल तर मास ट्रान्सफर स्थिर प्रवाहाइतकंच राहतं, कारण सरळ नळीतल्या लॅमिनार प्रवाहात वेगाची सरासरी स्पंदनाने बदलत नाही. ठळक फायदा दोन्ही टोकांना नाही.

वायूंमध्ये श्मिट संख्या १ च्या आसपास असते. तिथे सांद्रता आणि वेग जवळपास बरोबर चालतात, त्यामुळे वोमर्सली संख्येवरून काढलेला अंदाज बराच जुळतो.

६. मुख्य प्रवाह कधीच उलटा जात नाही, तरी भिंतीजवळ उलटा प्रवाह दिसतो. मोजण्यात चूक आहे का?

बहुतेक वेळा चूक नसते. वोमर्सली संख्या मोठी असताना, तेवढ्याच प्रवाहाच्या चढउताराला भिंतीवरच्या शिअरचा चढउतार साध्या हिशेबाच्या कितीतरी पट होतो. ही पट ढोबळपणे वोमर्सली संख्येच्या पावभाग असते. नमुना नळीत ती तीनहून थोडी जास्त येते. म्हणजे प्रवाहाचा आयाम फक्त ५० टक्के ठेवला तरी शिअरचा आयाम १५० टक्क्यांच्या पुढे जातो, आणि प्रत्येक आवर्तनात भिंतीलगतचं पाणी काही काळ मागे सरकतं. मधलं पाणी मात्र पुढेच चाललेलं असतं. शिअर प्रवाहाच्या पुढे धावतो हेही ध्यानात असू द्या. वारंवारिता जास्त असताना हा फरक ४५ अंशांकडे जातो.

७. उलटा प्रवाह झाला तर तरी मास ट्रान्सफर वाढेल ना?

इथे खरोखर संधी आहे, पण अट आहे. घनमुळाच्या हिशेबात शिअरची दिशा मोजत नाहीत, फक्त आकार मोजतात. म्हणून आयाम ३०० टक्क्यांसारखा मोठा झाला की सरासरी स्थिर प्रवाहाच्या वर जाते. कागदावर.

प्रत्यक्षात मागे आलेलं पाणी कोणतं ते बघा. भिंतीवरून गेलेलं, पदार्थाने आधीच भरलेलं पाणी परत त्याच भिंतीवर आलं तर ते काय उचलणार? ताजं पाणी यायचं असेल तर एका धक्क्यात द्रवाची सरक नळीच्या सक्रिय लांबीशी (जेवढ्या भागात भिंतीशी देवाणघेवाण होते तिच्याशी) तुलना करण्याइतकी हवी. नमुना नळीत १ हर्ट्झ आणि ५० टक्के आयामाला ही सरक मध्यापासून दोन्हीकडे ८ मि.मी. आहे, नळी १,००० मि.मी. काहीच होत नाही. सक्रिय भाग ५ मि.मी.चा असेल, समजा भिंतीत बसवलेला छोटा सेन्सर, तर तीच सरक मोठी ठरते आणि संकेत ठळकपणे बदलतो. म्हणून छोट्या इलेक्ट्रोडवर दिसलेली वाढ लांब नळीला लावू नका.

८. एका पेपरमध्ये वाढ, दुसऱ्यात घट, तिसऱ्यात काहीच फरक नाही. कोणाचं खरं मानायचं?

तिघांचंही खरं असू शकतं. पेपर हातात आला की मी आधी निष्कर्ष वाचत नाही, या गोष्टी शोधतो: आयाम १०० टक्क्यांच्या वर होता का, सक्रिय भागाची लांबी किती होती, श्मिट संख्या किती होती, आणि सरासरी रेनॉल्ड्स संख्या २,३०० च्या जवळपास होती का.

शेवटची गोष्ट फार जणांना फसवते. प्रवाह मंदावत असताना तो अस्थिर होतो आणि टर्ब्युलन्सचे (खळबळाटाचे) झटके येतात. वेग घेताना तो पुन्हा शांत होतो. त्यामुळे सरासरी रेनॉल्ड्स संख्या लॅमिनार हद्दीत असूनही आवर्तनाचा काही भाग टर्ब्युलंट निघू शकतो, आणि मग मास ट्रान्सफर झपकन वाढतं. ते श्रेय स्पंदनाला द्यायचं की टर्ब्युलन्सला, हे लेखकाने सांगितलंच असेल असं नाही.

९. प्रवाह पूर्ण टर्ब्युलंट असेल तर?

लिंटन आणि शेरवुड यांच्या १९५० च्या सूत्रात शेरवुड संख्या रेनॉल्ड्स संख्येच्या ०.८३ घाताने वाढते. हा घातही १ हून लहान आहे, त्यामुळे हळू स्पंदनात इथेही तोटाच, पण नगण्य: आयाम १०० टक्के असताना चार-पाच टक्के. प्रवाह जोरात उलटू लागला की वाढ दिसते, कारण घात १ च्या जवळ असल्याने मोठ्या वेगाचा जवळपास पुरेपूर मोबदला मिळतो.

१०. मग उद्योगात पल्सेशन वापरतात ते उगाच का?

उगाच नाही. तिथे नळी सरळ आणि गुळगुळीत ठेवलेलीच नसते.

व्हॅन डाइक यांनी १९३५ मध्ये स्पंदित एक्स्ट्रॅक्शन कॉलमचं (एका द्रवातला पदार्थ दुसऱ्या द्रवात काढून घेणाऱ्या उभ्या नळकांड्याचं) पेटंट घेतलं. त्यात सच्छिद्र तबकड्यांमधून द्रव खालीवर ढकलला जातो आणि थेंब फुटून बारीक होतात. दोन द्रवांमधलं संपर्काचं क्षेत्रफळ वाढतं, फायदा तिथून येतो. अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेत हे कॉलम रुळले, कारण किरणोत्सारी भागात हलणारं यंत्र ठेवावं लागत नाही. धक्का देणारी यंत्रणा लांब ठेवता येते.

दुसरं उदाहरण बॅफल बसवलेल्या दोलायमान रिअॅक्टरचं. नळीत साधारण दीड व्यासाच्या अंतरावर मधोमध भोक असलेल्या चकत्या बसवतात. द्रव पुढे गेला की चकतीमागे भोवरा तयार होतो, मागे आला की तो उपटून नळीभर फेकला जातो आणि दुसऱ्या बाजूला नवा तयार होतो. भिंतीजवळचा शिळा द्रव मध्यात आणि मधला ताजा द्रव भिंतीवर, असं प्रत्येक धक्क्याला घडतं. हे सुरू व्हायला दोलनाची रेनॉल्ड्स संख्या शंभराच्या वर लागते. शिवाय मिश्रण निव्वळ प्रवाहावर अवलंबून राहत नाही, त्यामुळे तासन् तास चालणारी अभिक्रिया आटोपशीर नळीत बसवता येते.

बेलहाउस यांनी १९७० च्या दशकात रक्तात प्राणवायू मिसळणाऱ्या मेंब्रेन उपकरणात खाचा पाडलेल्या पृष्ठभागावर स्पंदित प्रवाह सोडला, त्यामागचं तत्त्वही भोवऱ्यांचंच. तेव्हा पल्सेशनवर खर्च करायचा असेल तर आधी भिंतीच्या आकारावर करा, असं माझं स्पष्ट मत आहे. वळणदार नळीतही आडवे भोवरे असल्याने सरळ नळीचे नियम तसेच्या तसे चालत नाहीत.

मेंब्रेन फिल्टरची गोष्ट आणखी वेगळी. तिथे अडचण असते ती पृष्ठभागावर बसलेल्या गाळाची. गाळ उखडायला ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त शिअर लागतो, सरासरीला तिथे विचारतं कोण? एक जोरदार झटका, किंवा क्षणभर उलटा दाब, जे करतो ते त्याच सरासरीचा शांत प्रवाह करू शकत नाही. गंजरोधक थर उखडला जाण्याचंही असंच आहे, फक्त तिथे ते नुकसानीचं ठरतं.

११. डायलायझरमध्ये रोलर पंपाच्या स्पंदनामुळे क्लिअरन्स (रक्त साफ होण्याचा दर) वाढतो का?

रक्ताच्या बाजूला फारसा नाही. पोकळ तंतूचा आतला व्यास सुमारे २०० मायक्रॉन असतो. १ हर्ट्झला वोमर्सली संख्या ०.१५ च्या आसपास येते, म्हणजे प्रवाह प्रत्येक क्षणी पॅराबोलाच. सांद्रतेला मात्र त्रिज्याभर पसरायला काही सेकंद लागतात, त्यामुळे ती सेकंदाच्या धक्क्याला पुरती साथ देत नाही. वर एकूण रोधाचा मोठा वाटा मेंब्रेनचाच असतो, त्याला स्पंदनाशी देणंघेणं नाही. दाबाच्या स्पंदनामुळे मेंब्रेनमधून द्रव आरपार ये-जा करू लागला तर मोठ्या रेणूंना फायदा होतो, पण तो वेगळा मार्ग आहे.

धमन्यांबद्दलही विचारणा होते. सरळ भागात वरचंच चित्र. धमनी दुभंगते तिथे प्रवाह भिंत सोडतो, उलटा फिरतो आणि सरासरी शिअर खूप कमी असतो. अशा जागी स्पंदन महत्त्वाचं ठरतं. कमी शिअरच्या जागा आणि धमनीकाठिण्य यांचा संबंध कॅरो आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये मास ट्रान्सफरच्या अंगाने मांडला होता. एलडीएलची (रक्तातलं कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांची) श्मिट संख्या लाखांत असते, म्हणजे त्याचा थर नमुना नळीतल्यापेक्षाही सुस्त.

१२. लांबीच्या दिशेने पसरण्यावर स्पंदनाचा काय परिणाम होतो?

इथे मात्र परिणाम दणदणीत आहे. टेलर यांनी १९५३ मध्ये दाखवलं की स्थिर प्रवाहातही मध्य पुढे धावतो, कडा मागे राहते, आणि आडव्या विसरणाशी मिळून पदार्थ लांबीभर भराभर पसरतो. ०.१ मि.मी. त्रिज्येच्या नळीत सेकंदाला १ मि.मी. वेग असेल तर हे पसरणं साध्या विसरणाच्या २०० पट होतं.

निव्वळ प्रवाह शून्य असला तरी हे चालतं. दोलायमान प्रवाहासाठी वॉटसन यांनी १९८३ मध्ये पूर्ण गणित दिलं: वाढ धक्क्याच्या आकारमानाच्या वर्गाच्या प्रमाणात होते. नवजात बालकांसाठी वापरला जाणारा उच्च वारंवारितेचा व्हेंटिलेटर ५ ते १५ हर्ट्झला चालतो आणि एका धक्क्यात श्वासमार्गाच्या मृत अवकाशाहूनही (जिथे वायूंची देवाणघेवाण होत नाही त्या जागेहूनही) कमी हवा ढकलतो, तरीही कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. त्यामागच्या अनेक कारणांपैकी हे एक. तिथला ढोबळ नियमही ओळखीचा वाटेल: वायू बाहेर काढण्याचा दर वारंवारिता गुणिले धक्क्याच्या आकारमानाचा वर्ग.

१३. जास्त विसरण गुणांक असलेला वायू दोलनात नेहमी पुढे जातो का?

नाही. पदार्थाला आडवं विसरायला लागणारा वेळ आणि आवर्तनाचा वेळ जुळला की पसरणं सर्वाधिक होतं. आडवं विसरण फार जलद असेल तर पुढे गेलेला पदार्थ लगेच सगळीकडे सारखा होतो. फार सावकाश असेल तर तो ज्या पट्ट्यातून गेला त्याच पट्ट्यातून परत येतो. त्यामुळे योग्य वारंवारितेला मंद विसरणारा वायू चपळ वायूला मागे टाकू शकतो, आणि वारंवारिता बदलून दोघांपैकी कोण पुढे हे ठरवता येतं.

१४. प्रयोगशाळेत मोजायचं कसं?

दोन रुळलेल्या पद्धती आहेत. नळीच्या आतून बेन्झोइक आम्लाचा लेप देऊन किती विरघळलं ते बघायचं, ही सरासरीपुरती. क्षणाक्षणाचं हवं असेल तर फेरी-फेरोसायनाइडच्या द्रावणात भिंतीतल्या निकेल किंवा प्लॅटिनम इलेक्ट्रोडवर विजेचा मर्यादा-प्रवाह मोजायचा.

फसगत बहुधा उपकरणाबाहेर होते. पंप आणि नळी यांच्यामध्ये सिलिकॉनची लवचिक ट्यूब असेल तर ती फुगून-आकसून स्पंदन गिळते, आणि तुम्ही दिलेला आयाम नळीत पोहोचतच नाही. तो नळीच्या तोंडाशीच मोजा. दुसरं, स्पंदन चालू केल्यावर सरासरी प्रवाह तेवढाच राहिला का ते बादलीत पाणी धरून, घड्याळ लावून तपासा. स्पंदनात चुकणारे फ्लोमीटर कमी नाहीत.

१५. सीएफडीत पाच आवर्तनांत वेग स्थिरावला. उत्तर घ्यायला हरकत नाही ना?

हरकत आहे. वेग आवर्ती झाला, सांद्रता झालेली नाही. प्रश्न ५ मधले ८० सेकंद आठवा. १ हर्ट्झला नमुना नळीत काही शे आवर्तनं चालवावी लागतील. सोपी युक्ती म्हणजे आधी स्थिर प्रवाहाची सांद्रता सोडवून तिथून सुरुवात करणं. भिंतीलगतची गणनेची जाळीही वेगापुरती बारीक करून भागत नाही. १८ मायक्रॉनच्या आत जाळीचे अनेक कप्पे बसायला हवेत.

१६. विजेचा हिशेब काय?

हळू स्पंदन आणि लॅमिनार प्रवाह असेल तर पंपाची शक्ती वेगाच्या वर्गाने जाते. आयाम ५० टक्के असेल तर साडेबारा टक्के जास्त वीज, १०० टक्के असेल तर ५० टक्के जास्त. त्याच्या शेजारी प्रश्न ३ मधला १० टक्क्यांचा तोटा लिहा. टर्ब्युलंट प्रवाहात शक्ती जवळपास घनाने जाते, तिथे आयाम १०० टक्के असेल तर वीज अडीच पटीच्या आसपास पोहोचते. तुलना करणाऱ्याने नेहमी 'सारख्या सरासरी प्रवाहाला' की 'सारख्या विजेला' हे विचारावं. जास्तीची वीज साध्या स्थिर प्रवाहाचा वेग वाढवायला खर्ची घातली असती तर किती मिळालं असतं, हा आकडा ज्या अहवालात नाही त्यातल्या 'वाढी'वर मी पंप बदलायला सांगणार नाही.